आधी दार, मग नाव: जीवाश्म डायनोफ्लॅजेलेट सिस्टचं वर्णन आणि वर्गीकरण

पारसिकच्या डोंगरात कितीही हातोडा चालवला तरी डायनोफ्लॅजेलेटची एकही सिस्ट हाती लागणार नाही. कळव्यापासून बेलापूर-खारघरपर्यंतच्या पट्ट्याखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, म्हणजे थिजलेला लाव्हा. सिस्टला लागतो पाण्याखाली सावकाश साचलेला बारीक गाळ. म्हणून ठाणे-नवी मुंबईतला विद्यार्थी या विषयाकडे बहुधा बाहेरून आलेल्या पिशवीमुळे वळतो. पिशवीत कच्छचा शेल (चिखल घट्ट होऊन बनलेला थरदार खडक) असतो, कावेरी खोऱ्यातला क्रिटेशियस खडक असतो, नाहीतर मुंबईच्या समुद्रातल्या तेलविहिरीतून वर आलेला चुरा. त्या पिशवीपासून जातीच्या छापील वर्णनापर्यंतचा रस्ता इथे दिला आहे.

सिस्ट म्हणजे काय ते थोडक्यात. डायनोफ्लॅजेलेट हा एकपेशीय जीव. त्याच्या कमरेभोवती आडवी खाच असते, ती सिंग्युलम. पोटाच्या बाजूला उभी खाच, ती सल्कस. दोन्हींत एकेक कशाभिका, म्हणजे पोहायचा चाबकासारखा धागा. लैंगिक पुनरुत्पादनानंतर काही जाती जाड भिंतीच्या कोषात झोपी जातात. हा कोष म्हणजे सिस्ट. भिंत डायनोस्पोरिन नावाच्या चिवट सेंद्रिय पदार्थाची, आकार साधारण २० ते १५० मायक्रॉन. झोप संपली की पेशी भिंतीचा ठरावीक तुकडा ढकलून बाहेर पडते. उरलेल्या भोकाला, म्हणजे सिस्टच्या दाराला, आर्किओपाइल म्हणतात आणि निखळलेल्या झाकणाला ऑपर्क्युलम. काटेरी जीवाश्म गोळे १८३० च्या दशकापासून, एरेनबर्ग यांनी चकमकीच्या दगडात पाहिले तेव्हापासून, माहीत होते. पण त्यांतले बरेचसे डायनोफ्लॅजेलेटच्या सिस्ट आहेत हे १९६१ मध्ये विल्यम एव्हिट यांनी दाखवलं, आणि त्यात या दाराचा मोठा वाटा होता. आजही सगळं वर्गीकरण त्याच दारातून आत शिरतं. काट्यांकडे पाहून नाव शोधणारा माणूस हमखास चुकतो.

हात बसवायला खाडीचा गाळ

जीवाश्माच्या महागड्या नमुन्यावर हात बसवू नका. ठाण्याच्या खाडीच्या गाळात आजच्या सिस्ट असतात आणि त्यांना आम्लाची गरज पडत नाही. मात्र फ्लेमिंगो अभयारण्य (२०१५ पासून अभयारण्य, २०२२ पासून रामसर स्थळ) आणि तिवरांच्या भागात वनखात्याच्या परवानगीशिवाय गाळ उचलायचा नाही. ओहोटीला उघड्या पडलेल्या बारीक चिखलाचा वरचा एक-दोन सेंटिमीटरचा थर, दहा ग्रॅम, पुरे होतो. वाळूसारखा कचकचणारा गाळ नको. सिस्ट बारीक चिखलाबरोबर बसतात.

गाळ पाण्यात कालवा आणि १२५ मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. खाली गेलेलं पाणी अल्ट्रासॉनिक बाथमध्ये एक मिनिट ठेवा. चष्म्याच्या दुकानात फ्रेम धुवायला असतो तेवढा छोटा बाथ चालतो. पाच मिनिटं ठेवलात तर काटे मोडतात. मग २० मायक्रॉनच्या जाळीवर धुवा. स्क्रीन प्रिंटिंगच्या दुकानातली जाळी स्वस्त पडते, पण तिची भोकं बहुधा ३० मायक्रॉनच्या वर असतात आणि लहान सिस्ट निघून जातात. जाळीवर उरलेलं वॉच ग्लासमध्ये घ्या आणि तांदूळ रोळतात तसं रोळा: गोल फिरवायचं, हलकं वर आलं की अलगद ओतून घ्यायचं, जड वाळू तळाशी सोडायची. तीन-चार वेळा रोळलं की ओतलेल्या पाण्यात सेंद्रिय कण भरपूर येतात.

खडक असेल तर

१० ते २० ग्रॅम खडक वाटाण्याएवढ्या तुकड्यांत फोडा. पूड करू नका, सिस्ट आतल्या आत चुरडतात. तेलविहिरीचा चुरा असेल तर आधी ड्रिलिंग मड धुऊन काढा. मग दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं घाला, फेस थांबेपर्यंत. घाई केली की भांडं उतू जातं आणि निम्मा नमुना टेबलावर येतो. फेस थांबल्यावर डिस्टिल्ड पाण्याने तीनदा निथळा. या निथळण्यात कंटाळा नको. कॅल्शियम मागे राहिलं तर पुढच्या आम्लात कॅल्शियम फ्लुओराइडचे स्फटिक बनतात आणि स्लाइडवर काचेचा चुरा सांडल्यासारखं दिसतं. नळाचं पाणी वापरायचं नाही तेही यासाठीच.

पुढचं आम्ल हायड्रोफ्लुओरिक, ४० टक्के किंवा त्याच्या आसपास. ते वाळूचे आणि मातीचे कण विरघळवतं, काचही विरघळवतं, म्हणून भांडी पॉलिप्रॉपिलिनची. अंगावर उडालं तर सुरुवातीला फारसं दुखतही नाही, पण ते आत शिरून रक्तातलं कॅल्शियम बांधतं आणि हृदयावर जातं. फ्यूम हूड, जाड हातमोजे, तोंडावर ढाल, हाताशी २.५ टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि शेजारी अनुभवी माणूस, यातलं एक जरी कमी असेल तर हा टप्पा करायचा नाही. कॉलेजात हूड नावाची नुसती लाकडी कपाटं असतात, त्यांना हूड समजू नका. या एका टप्प्यासाठी नमुना सोय असलेल्या प्रयोगशाळेत पाठवणंच शहाणपणाचं.

आम्ल पूर्ण धुऊन झाल्यावर १० किंवा १५ मायक्रॉनच्या नायलॉन जाळीवर गाळा. अजून खनिजं दिसत असतील तर दोनच्या आसपास विशिष्ट गुरुत्वाच्या जड द्रावणात वेगळं करा. काही जण स्लाइड स्वच्छ दिसावी म्हणून इथे नायट्रिक आम्ल घालतात. दिसतेही स्वच्छ. पण प्रोटोपेरिडिनियम गटाच्या पातळ तपकिरी सिस्ट ऑक्सिडेशनमध्ये आधी नाहीशा होतात, आणि मग वहीत लिहिलं जातं की या थरात त्या नव्हत्याच. ऑक्सिडेशन करायचंच असेल तर त्याआधीची एक स्लाइड बाजूला काढून ठेवा.

ग्लिसरीन जेलीत २२ बाय २२ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपखाली थेंबभर अवशेष पातळ पसरा. जाड पसरलं तर शंभराचं ऑब्जेक्टिव्ह फोकसच होत नाही. प्रत्येक नमुन्याच्या निदान तीन स्लाइड करा. जेलीत थोडं फिनॉल हवं, नाहीतर जुलै-ऑगस्टात ठाण्याच्या हवेत आठवडाभरात बुरशी धरते आणि बुरशीचे गोल बीजाणू नवशिक्याला सिस्ट वाटतात. काम चालू असताना खिडक्या बंद ठेवा. गवताचे आणि झाडांचे परागकण हवेतून येऊन पडतात.

हे सिस्ट आहे का?

ही शंका दूर करायचा एक स्वस्त उपाय सांगतो. जास्वंदीच्या फुलातला पराग पाण्याच्या थेंबात घेऊन बघा. मोठा गोल, सगळीकडे काटे. नवशिक्याला वाटतं, मिळाली काटेरी सिस्ट. आता नीट पाहा. काटे सगळे एकसारखे, एका टोकाचे, कुठलीही रेषा न धरता पसरलेले. मधे मधे बारीक गोल छिद्रं. आकारही साधारण शंभर मायक्रॉनच्या वर. आता स्पिनिफेराइट्स (काटेरी सिस्टचा एक प्रकार) घ्या, खाडीच्या गाळात बहुधा मिळतो. त्याचे काटे प्लेटांच्या (पेशीच्या कवचाच्या तुकड्यांच्या, ज्यांची खूण सिस्टवर उमटते) कोपऱ्यांवर उभे असतात, टोकाला तीन फाटे फुटतात, आणि एका काट्याच्या बुडापासून दुसऱ्यापर्यंत बारीक कड जाते. पाठीवर एक कोनेदार भोक. हा फरक एकदा डोळ्यात बसला की पुन्हा चुकत नाही.

कोनेदार दारही नाही आणि प्लेटांची खूणही नाही, असा सेंद्रिय गोळा मिळाला तर तो ॲक्रिटार्कच्या खात्यात टाका आणि पुढे चला. ते खातं 'माहीत नाही' याच अर्थाचं आहे, त्यात कमीपणा नाही.

डावं-उजवं ठरवणं

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबू.

आधी मायक्रोस्कोप तपासा. छापील कागदावरचा बारीक 'क' कापून स्लाइडवर सुलटा ठेवा आणि बघा. साध्या मायक्रोस्कोपमध्ये तो डोक्यावर उलटा दिसेल, पण फिरवला की वाचता येईल. म्हणजे प्रतिमा फिरलेली आहे, आरशातली नाही. आता कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरही बघा. काही कॅमेरे आणि सॉफ्टवेअर प्रतिमा आडवी पलटवतात. तसं असेल तर फिरवूनही 'क' वाचता येत नाही. हे न तपासता काढलेल्या फोटोंवर प्लेटा मोजल्या तर डाव्याचं उजवं होतं आणि सगळं वर्णन उलटं छापलं जातं.

आता सिस्टकडे या. डावं-उजवं नेहमी सिस्टचं, बघणाऱ्याचं नव्हे. समोर तोंड करून उभ्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, तसंच. पोटाची बाजू वर असेल तर सिस्टची डावी बाजू तुमच्या उजवीकडे. पाठ वर असेल तर तुमच्या डावीकडे.

शंभराच्या तेल ऑब्जेक्टिव्हखाली फाइन फोकसचं चाक हळूहळू फिरवा आणि तीन ठिकाणी थांबा. समजा स्पिनिफेराइट्स पाठीवरचं दार वर करून पोटावर पडला आहे. वरच्या फोकसला आधी काट्यांची टोकं तीक्ष्ण होतात, मग भिंत, आणि मग दाराची कड. दाराची कड जिथे तीक्ष्ण होते ती तुमच्याकडची बाजू. आणखी खाली गेलात की बाहेरची रेघ सर्वांत ठळक होते. हा मधला छेद. भिंतीची जाडी इथेच मोजायची, वर किंवा खाली मोजली तर जास्त भरते. आणखी खाली पोटाकडची भिंत येते. ती तुम्ही आतून बघत असता. तिथे सिंग्युलमची दोन टोकं शोधा. ती एका पातळीवर नसतात.

बहुतेक गोन्यॉलॅकॉइड (स्पिनिफेराइट्स ज्यात येतो तो मोठा गट) सिस्टमध्ये सिंग्युलम डावीकडून सुरू होऊन पाठीमागून वळसा घेतं आणि उजवीकडे थोडं खाली येऊन पोचतं. म्हणून पोट वर असताना तुमच्या उजव्या हाताचं टोक उंच दिसायला हवं. पाठ वर ठेवून आरपार बघताना तुमच्या डाव्या हाताचं. गंमत अशी की सिस्ट डोक्यावर उलटी असली तरी ही खूण बदलत नाही. आरशातली प्रतिमा असेल तरच बदलते. तुमचा कॅमेरा खोटं बोलतोय का हे 'क' ने पकडलं नाही तर सिंग्युलम पकडतं.

तिन्ही फोकसचे फोटो त्याच क्रमाने जतन करा, फाइलच्या नावात वर, मध्य, खाली असं लिहून. नुसता मधल्या छेदाचा फोटो वर्णनाला जवळजवळ निरुपयोगी असतो, आणि घाईत नेमका तोच काढला जातो.

दार वाचणं

दार कुठल्या प्लेटांचं बनलं आहे, यावरून गट ठरतो. डोक्याचं टोपणच उडालेलं असेल तर ते एपिकल. त्याची कड नागमोडी, कोनेदार असते, आणि सल्कसच्या जागी एक खाच. ती खाच मध्यावर नसून सिस्टच्या डावीकडे सरकलेली, शरीर पाठ-पोटाने चपटं, खालची दोन टोकं असमान, असं दिसलं की एरिओलिजेरा आणि ग्लॅफिरोसिस्टा यांच्या कुळाकडे वळा. पाठीवर, कमरेच्या लगेच वर एकच भोक असेल तर ते प्रीसिंग्युलर. गोन्यॉलॅकॉइडमध्ये बहुधा तिसरी प्रीसिंग्युलर प्लेट. त्याहून वर, डोक्याच्या आणि कमरेच्या प्लेटांच्या मधलं असेल तर इंटरकॅलरी, पेरिडिनिऑइड या दुसऱ्या मोठ्या गटाचं ठेवणीतलं दार, आणि सहसा मधलीच म्हणजे दुसरी इंटरकॅलरी प्लेट. वेट्झेलिएला गटात हे चौकोनी आणि ठसठशीत असतं. कमरेच्या वरचा सगळा अर्धा भागच सुटला तर एपिसिस्टल. पॉलिस्फेरिडियम झोहारी याच प्रकारचा मासला: स्लाइडवर वाट्यांसारखे अर्धे अर्धे तुकडे मिळतात आणि नवखे त्यांना मोडकी सिस्ट समजून मोजत नाहीत.

फाटलेली भिंत आणि खरं दार यांत फरक करायचा तर तीन गोष्टी बघा. खऱ्या दाराची कड कोनेदार असते. तेच दार त्याच जागी अनेक नमुन्यांत दिसतं. आणि कधीकधी झाकण आतच पडलेलं असतं किंवा एका बाजूने चिकटून राहिलेलं असतं. ते चिकटणंही वर्णनात लिहायचं. एकाच नमुन्यात दिसलेलं दार हे दार नव्हे, ती शंका.

भिंत, काटे, प्लेटा

भिंतीचे थर मधल्या छेदात मोजा. एकच थर असेल तर ऑटोफ्रॅग्म. आतला आणि बाहेरचा असे दोन असून त्यांच्यात पोकळी असेल तर सिस्ट कॅव्हेट. आतला थर एंडोफ्रॅग्म, बाहेरचा पेरिफ्रॅग्म. पोकळी फक्त शिंगांत आहे की सगळीकडे, ते नोंदवा. काट्यांची लांबी मूळ शरीराच्या सर्वांत लहान व्यासाशी ताडून बघा: दहा टक्क्यांपर्यंत असेल तर प्रॉक्सिमेट, दहा ते तीसमध्ये प्रॉक्सिमोकोरेट, तीसच्या वर कोरेट.

काट्यांबद्दल विचारायचा प्रश्न 'किती' हा नाही, 'कुठे' हा आहे. प्लेटांच्या कोपऱ्यांवर, कडांवर, प्लेटांच्या मधोमध, की कसेही? स्पिनिफेराइट्सचे कोपऱ्यांवर आणि कडांवर. ऑपर्क्युलोडिनियम सेंट्रोकार्पमचे कसेही पसरलेले, टोकाला बारीक गाठ, भिंत धाग्यांच्या विणीची. लिंग्युलोडिनियम मकेरोफोरमचेही कसेही, पण पात्यासारखे निमुळते, आणि दार एका प्लेटेपासून पाच प्लेटांपर्यंत बदलणारं. या तिघांची नुसती काट्यांवरून गल्लत होते. दार आणि काट्यांची टोकं एकत्र धरली की होत नाही.

प्लेटा कोफॉइड पद्धतीने मोजतात. एका डॅशने एपिकल, दोनने प्रीसिंग्युलर, तीनने पोस्टसिंग्युलर, चारने अँटएपिकल. मधल्या प्लेटांना ए आणि पी, कमरेच्या प्लेटांना सी. गोन्यॉलॅकॉइडचा नेहमीचा साचा ४′, ६′′, ६सी, ६′′′, १पी, १′′′′. पेरिडिनिऑइडचा ४′, ३ए, ७′′, ५′′′, २′′′′. मोजायला सुरुवात नेहमी दारापासून करा, कारण तेवढीच प्लेट खात्रीची. पाठ आणि पोट यांची कोरी आकृती छापून घ्या आणि प्रत्यक्ष दिसलेली कडच तिच्यात काढा. साचा पाठ असला की डोळा न दिसलेल्या कडाही बघायला लागतो. दिसली नसेल ती तुटक रेघेने दाखवा आणि सूत्रात प्रश्नचिन्ह टाका.

भिंतीवरची जाळी खरी आहे का, हेही बघा. पायराइट या खनिजाचे स्फटिक भिंतीत वाढून गेले की मागे खड्डे राहतात आणि ते नक्षीसारखे दिसतात. खरी नक्षी सगळ्या नमुन्यांत सारखी असते. पायराइटची एका बाजूला जास्त, दुसरीकडे नाही, आणि शेजारच्या परागकणांवरही तशीच. स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे फोटो (पवईच्या आयआयटीत सैफ सुविधेत शुल्क भरून बाहेरच्यांनाही काढून मिळतात) नक्षीसाठी उत्तम, पण ते फक्त पृष्ठभाग दाखवतात. आतला थर आणि पोकळी साध्या मायक्रोस्कोपखालीच दिसते. म्हणून आधी साधा, मग इलेक्ट्रॉन.

मोजमाप

आयपीसमधली पट्टी स्टेज मायक्रोमीटरवर (मोजपट्टी कोरलेल्या स्लाइडवर) बसवून घ्या. स्टेज मायक्रोमीटरचा एक भाग १० मायक्रॉनचा. आयपीसचे ४० भाग त्याच्या १० भागांवर बसले तर आयपीसचा एक भाग २.५ मायक्रॉन. प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी हे वेगळं करायचं. मोबाइल आयपीसला लावून काढलेला फोटो झूम केला की ही पट्टी कुचकामी होते.

निदान २५ चांगले नमुने मोजा आणि 'सर्वांत लहान (सरासरी) सर्वांत मोठा' असं लिहा, उदाहरणार्थ ४२ (५१) ६० मायक्रॉन, नमुने २५. लांबी काट्यांसकट की काट्यांविना, झाकणासकट की झाकणाविना, हे न लिहिलेलं माप वाया जातं. काट्यांची लांबी प्रत्येक सिस्टवरच्या सर्वांत लांब तीन काट्यांची सरासरी घ्या. एपिकल दार असलेल्या सिस्टची झाकण उडालेली आणि झाकण शाबूत असलेली मापं एकत्र मिसळू नका.

एवढे नमुने का? कारण एकाच जातीत फरक भरपूर असतो. लिंग्युलोडिनियम मकेरोफोरमचे काटे पाण्याच्या खारटपणाप्रमाणे आणि तापमानाप्रमाणे लांब-आखूड होतात. निमखाऱ्या पाण्यात आखूड. खाडीच्या वरच्या टोकाला आखूड काट्यांची आणि समुद्राकडे लांब काट्यांची अशी दोन टोकं मिळाली म्हणजे दोन जाती झाल्या असं नाही. लांबीचा आलेख काढून बघा: दोन वेगळे उंचवटे दिसतात की एकच पसरट टेकडी. एकच टेकडी असेल तर जातही एकच धरा.

जुनं नाव शोधणं

आता, आणि आताच, नावं बघायला बसा. डायनोफ्लॅज-३ हा मोफत ऑनलाइन संग्रह आहे. त्यात जीनस (जवळच्या जातींचा गट), जाती आणि नावांची पूर्वीची फिरवाफिरव सापडते. फक्त आजचं नाव घेऊन थांबू नका. पॅलिओसीन-इओसीन या भूकालखंडांच्या सीमेवरच्या उष्णतेच्या काळाची खूण म्हणून जी जाती बरीच वर्षं ॲपेक्टोडिनियम ऑगस्टम या नावाने लिहिली गेली, ती २०१५ पासून ॲक्सिओडिनियम ऑगस्टम आहे. जुने अहवाल वाचताना दोन्ही नावं डोक्यात हवीत. शक्य तिथे मूळ वर्णन आणि मूळ चित्र काढून बघा, कारण नंतरच्या चित्रांत भलत्याच सिस्ट त्या नावाखाली छापलेल्या असतात.

तेलविहिरीच्या चुऱ्यात आणखी एक फसवणूक: वरच्या थरांचा चुरा विहिरीच्या भिंतीतून खाली ढासळतो. म्हणून जाती सर्वांत खोल कुठे दिसली यापेक्षा वरून खाली उतरताना कुठे पहिल्यांदा भेटली, ही नोंद विश्वासाची. नव्या जातीचा होलोटाइप (नावाचा आधार ठरणारा एकच नमुना) शक्यतो अशा चुऱ्यातून निवडू नका. कोअर (विहिरीतून सलग काढलेला खडकाचा दांडा) किंवा उघड्यावरचा थर मिळेपर्यंत थांबा.

जुळणारं नाव मिळालं नाही तर घाई नको. दहापेक्षा कमी चांगले नमुने असतील, दार स्पष्ट नसेल, तर 'स्पिनिफेराइट्स स्पी. १' (नाव न ठरलेली जाती) म्हणा किंवा जवळच्या नावाला 'सीएफ.' (म्हणजे 'याच्यासारखी') लावून ठेवा. चुकीचं नाव पुढच्या माणसाला खोडावं लागतं; 'स्पी. १' नुसतं भरावं लागतं.

नवी जाती जाहीर करायची तर

जीवाश्म डायनोफ्लॅजेलेटची नावं वनस्पतिशास्त्राच्या नामकरण संहितेप्रमाणे चालतात. तिच्या अटी कोरड्या आहेत, पण एक जरी हुकली तरी नाव वैध ठरत नाही. १९९६ पासून नव्या जीवाश्म नावांना वर्णन किंवा निदान (डायग्नोसिस) लॅटिन वा इंग्रजीत लागतं. तेव्हा मराठीत कितीही नेमकं लिहिलं तरी शेजारी इंग्रजी हवंच. चित्र किंवा फोटो हवा. होलोटाइप हवा, 'होलोटाइप' हा शब्द लिहून, आणि तो कुठल्या संस्थेत ठेवला आहे हे नाव घेऊन. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेसारखं, जिथे शंभर वर्षांनीही कुणी जाऊन मागू शकेल असं ठिकाण. विभागप्रमुखांच्या कपाटातला खण चालत नाही. होलोटाइप ही एकच सिस्ट असते, सगळी स्लाइड नव्हे, आणि जीवाश्म जातीत तो प्रत्यक्ष नमुनाच हवा, चित्र नाही. प्रबंधात किंवा पोस्टरवर आधीच नवं नाव छापून बसू नका. ते वैध होत नाही, पण लोकांच्या तोंडी मात्र बसतं. ऑनलाइन प्रकाशन २०१२ पासून चालतं, आयएसएसएन किंवा आयएसबीएन असलेल्या पीडीएफमध्ये.

नाव बनवताना लिंग सांभाळा. मराठी माणसाला तीन लिंगं नवी नाहीत: -आइट्सने संपणारा तो, -सिस्टा ती, -डिनियम आणि -स्फेरिडियम ते. म्हणून स्पिनिफेराइट्स रॅमोसस, पण ऑपर्क्युलोडिनियम सेंट्रोकार्पम. गावावरून नाव दिलं तर तो आणि ती यांना -एन्सिस, ते असेल तर -एन्से. प्रयोगशाळा ठाण्यात आहे म्हणून कच्छच्या सिस्टला ठाण्याचं नाव द्यायला संहितेची हरकत नाही, पण वाचणारा नकाशात भलतीकडे बघत बसेल.

लिहिण्याचा क्रम ठरलेला: नाव, नावाची व्युत्पत्ती, होलोटाइप आणि पॅराटाइप (सोबत नेमलेले इतर नमुने), मूळ ठिकाण आणि थर, निदान, वर्णन, मापं, तुलना, आढळ. निदान म्हणजे वेगळेपण सांगणारी दोन-तीन वाक्यं. वर्णन म्हणजे सगळं. नवख्याचं निदान असं असतं: 'मध्यम आकाराची सुंदर काटेरी सिस्ट, काटे बऱ्यापैकी लांब.' यावरून कुणालाही काही ओळखता येत नाही. तेच असं लिहा: 'कोरेट, लंबगोल सिस्ट. दार प्रीसिंग्युलर, ३′′, झाकण सुटं. काटे फक्त प्लेटांच्या कोपऱ्यांवर, पोकळ, टोकाला तीन फाटे. कडा एक मायक्रॉनपेक्षा बुटक्या. भिंतीचा बाहेरचा पृष्ठभाग बारीक कणदार.' विशेषणं गेली, जागा आणि आकडे आले. तुलनेत किमान दोन जवळच्या जाती घ्या आणि प्रत्येकीपासून कुठल्या एका गोष्टीने वेगळी हे एका वाक्यात सांगा. ते वाक्य जमत नसेल तर जाती नवी नसण्याचीच शक्यता जास्त.

शेवटी होलोटाइप परत सापडला पाहिजे. स्लाइड मायक्रोस्कोपच्या स्टेजवर कुठल्या कोपऱ्याला टेकवली होती ते लेबलवर बाणाने दाखवा. इंग्लंड फाइंडर नावाची खुणांची स्लाइड त्याच जागी ठेवून जागा वाचा, म्हणजे के ३५/२ असा पत्ता मिळतो आणि जगातल्या कुठल्याही मायक्रोस्कोपवर चालतो. आपल्या मायक्रोस्कोपच्या स्टेजवरचे आकडे दुसऱ्या मायक्रोस्कोपवर निरर्थक असतात. कव्हरस्लिपच्या कडा नेलपॉलिशने बंद करा, स्लाइड आडवी ठेवा. मे महिन्यात बंद खोलीत जेली मऊ होते आणि उभ्या स्लाइडमधली सिस्ट खाली घसरते, मग के ३५/२ वर नुसती जेली दिसते.